पालकास कळविण्यात येते की

विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही शिक्षकाकडची पवित्र ठेव असते. प्राण गेला तरी ती बाहेर जाता कामा नये. माझ्याकडून अशी एक ठेव नवव्या दिवशी बाहेर गेली. (प्राण शाबूत आहे.)

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मलकापूरजवळच्या एका हायस्कुलात अकरावीचा वर्गशिक्षक होतो. वर्गातली शांता एक दिवस नर्सिंगचा अर्ज घेऊन आली. त्यावर माझी सही हवी होती. घरी तिचं लग्न ठरत आलं होतं. पाहुण्यांची पसंतीही आली होती.

"सर, बाबाले सांगू नका. त्याईले समजलं तं माही शाळाच बंद होईन."

मी सही केली, शब्दही दिला. मग विचार करू लागलो आणि तिथेच घोटाळा झाला. पोरीचं गुपित पोरीचं, हे खरं. पण पोर तर बापाची! उद्या त्याने जाब विचारला तर? या कर्तव्यापायी आठ दिवस मला जेवण गेलं नाही आणि बायकोला मी ते जाऊ दिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तिनं तुम्हाले सल्ला मागितला काय? सांगू नका, एवढंच तं म्हटलं." हे म्हणणं फारच सोपं वाटलं, म्हणून मी ते मानलं नाही.

नवव्या दिवशी तिच्या वडिलांना, गणपतरावांना, पोस्टकार्ड टाकलं. आपली कन्या नर्सिंगसाठी अर्ज करीत आहे, पालक या नात्याने आपणांस कळविणे आमचे कर्तव्य आहे, तरी योग्य तो निर्णय घ्यावा, वगैरे.

आठवड्याने गणपतराव शाळेत आले. मी मनाची तयारी करून उभा राहिलो. त्यांनी ओल्या हरभऱ्याची पेंढी टेबलावर ठेवली.

"मास्तर, कार्ड भेटलं. मले वाचता येत नाही, घरी कागद शांताच वाचते. पोरगी हुशार हाये, लग्न दोन वर्सं थांबवा, नर्स होऊ द्या, असं तुम्ही लिवलं. थांबवलं मंग."

दहा वर्षं मास्तरकी केली, पण बापाला आलेलं पत्र लेक वाचते, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता खरं बोलावं तर पोरीचं शिक्षण जातं आणि गप्प बसावं तर आठ दिवसांचं कर्तव्य वाया जातं. सवयीने मी कर्तव्याकडे वळलो.

"गणपतराव, त्या कार्डात खरं म्हणजे..."

"राहू द्या, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "तिच्या आंधी पोस्टमननं वाचून दाखवलं होतं. त्याचं येगळं होतं. दोन दिवस इचार केला. मले पोरीचंच पटलं."

शांता पुढे अकोल्याला गेली.

तो पोस्टमन लोकांची कार्डं सहसा वाचत नसे, असं मला नंतर कळलं. माझ्या कार्डावर मी तांबड्या शाईने ठळक 'गोपनीय' असं लिहिलं होतं.