पाशामियाँचा आवाज

शिरूर अनंतपाळमध्ये कुणाची म्हैस हरवली की लोक आधी पाशामियाँकडे जायचे, पोलिसांकडे नंतर. रिक्षावर भोंगा बांधून तो गावभर मुनादी, म्हणजे दवंडी, करायचा. मयताची बातमी तर त्याच्याच तोंडून कळायची. नाव, बापाचं नाव, गल्ली, माती किती वाजता. काय दिवस होते ते! आता हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, सोबत एक रडका चेहरा. मला तो चेहरा बघवत नाही.

गेल्या वर्षी पाशामियाँ रिक्षातून पडला. लातूरला डोक्याचा स्कॅन काढला. डोकं शाबूत निघालं, पण कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या अंगाला सुपारीएवढी गाठ दिसली. गाठ म्हणजे कॅन्सर, हे आमच्या गावात ठरलेलंच. दोन दिवसांत त्याच्या ओट्यावर केळ्यांचा ढीग लागला. एका शहाण्यानं तर विचारलं, "मियाँ, तुमची मुनादी कोण करंल?" पाशामियाँ हसला. त्याची बायको सुलतानबी मात्र उठून आत गेली.

मग एमआरआय झाला. त्याच्याबरोबर मी आणि त्याचा मुलगा मुनीब होतो. डॉक्टर मंजुश्रीबाईंनी नीट समजावलं. गाठ नसेच्या आवरणाची आहे, साधी आहे, कॅन्सर नाही. वाढेलच असंही नाही. दरवर्षी तपासून बघता येईल. काढायची तर काढू, पण ती नस आवाजाची आहे. आवाज कायमचा जाऊ शकतो.

"काढूनच टाका," मुनीब म्हणाला. "अब्बा, तसंबी आता मुनादीला कोण बोलवून राहिलंय?"

मीही मान डोलावली.

पाशामियाँ माझ्याकडे वळला. "मल्लिनाथ, किल्लारी आठवती का?"

आठवत होती. भूकंपाच्या दिवशी जीपला भोंगा बांधून आम्ही दोघं तिथं गेलो होतो. लोक आपल्या माणसांची नावं सांगायचे आणि हा दगडांच्या ढिगापुढं उभा राहून एकेक नाव पुकारायचा. पुकारायचा आणि कान द्यायचा. संध्याकाळी, घसा पार बसल्यावर, 'तारामती' म्हणाला आणि खालून ओ आली.

"ती निलंग्याला हाय," तो म्हणाला. "दर साली त्या दिवशी फोन करती. म्हणती, काका, एकदा नाव घ्या. मी नाव घेतो, ती ओ देती. दुसरं काई बोलत न्हाई."

मुनीबनं रिपोर्ट परत पाकिटात भरले. गाठ राहू द्यायचं ठरलं, डॉक्टरबाईंनी पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली.

मला लाज वाटली. त्या पोरीला वर काढताना तिचे पाय मी धरले होते, आणि ती कुठं असते हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.