पन्नासचा रकाना

आमच्या नाहूरच्या कंट्रोल रूममध्ये महादू तिर्लोटकरसारखं अक्षर कुणाचं नव्हतं. त्याच्याएवढा खोटारडाही कुणी नव्हता. खोटारडा मीही होतो म्हणा, पण माझं अक्षर घाण.

काम सोपं. वीज तारांतून सेकंदाला पन्नास ठोक्यांनी धावते. मागणी वाढली की ठोके पडतात, आणि अठ्ठेचाळीसच्या खाली गेले की जनित्रं एकेक करून अंग काढून घेतात. मग अख्ख्या उपनगरांची वाट लागते. आम्ही काट्यावर नजर ठेवायची, दर तासाला आकडा वहीत लिहायचा, आणि काटा घसरलाच तर एखादा भाग बंद करून बाकीचे वाचवायचे.

काटा बघण्यात महादू वाघ होता. लिहिण्याचं विचारू नका. एकोणपन्नास लिहिलं की वरून मेमो यायचा, तीन प्रतींत खुलासा द्या. "खुलासो कोण लिवतलो, तुझो बापूस?" असं म्हणत तो पाळी संपायच्या पाच मिनिटं आधी पेन काढायचा आणि आठही तासांपुढे एका बैठकीत पन्नास, पन्नास, पन्नास भरून टाकायचा. सतरा वर्षं! आपोआप आलेख काढणारं एक यंत्र होतं, पण त्याची शाई कधीच सुकली होती. ती मागायलाही तीन प्रती लागत, म्हणून कुणी मागितली नाही.

शहाऐंशी साली हेड ऑफिसचे चंद्रप्रकाश साहेब शिकणारं मशीन घेऊन आले. कपाटाएवढं धूड. आम्हाला टेबलपंखा आणि त्याला एसी! जुन्या वह्यांतले आकडे त्याच्यात भरायचे, मग ग्रीड कधी टिकतं आणि कधी कोसळतं हे म्हणे ते आपलं आपण शिकणार. महिनाभर परीक्षा. मशीन आणि वही जुळली की काट्यापुढे एक माणूस कमी, आणि महादूची बदली देवनारच्या गोडाऊनला, क्वार्टरही तिथलीच. त्याची बायको, आमची सगुणावहिनी, दम्याची. तिथल्या जळत्या कचऱ्याच्या, डम्पिंगच्या धुरात ती बाई जगणार कशी?

आणि मशीनला शिकवायला साहेबांनी वह्या निवडल्या त्या नेमक्या महादूच्या. का, तर अक्षर वाचता येतं!

"महादूदादा, साहेबांना खरं सांगून टाक ना," मी म्हटलं.

"सतरा वर्षांचो खुलासो?" तो म्हणाला. विषय संपला.

मे महिन्यात एका दुपारी तीनला काटा घसरला. अठ्ठेचाळीस पॉइंट सहा, मग पॉइंट तीन. मशीनने कागद ओकला: ग्रीड स्थिर. बिचारं दुसरं काही शिकलंच कुठे होतं! साहेबांची नजर त्या कागदावर. काट्याकडे बघायची त्यांना सवयच नव्हती.

"तिर्लोटकर, हात लावू नका. सगळं ठीक आहे."

"आवशीचो घोव तुझ्या ठीकचो!" महादूने घाटकोपरला वीज देणाऱ्या फीडरचा खटका ओढला. काटा थरथरला, थांबला, वर चढला. घाटकोपरने तासभर घामात बसून फोनवर आमचा उद्धार केला, पण बाकी उपनगरं वाचली. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, खोटं नाही सांगत.

मग आम्ही वडे मागवले. आपण कसं वाचवलं ते महादू रंगवून रंगवून सांगत होता, चौथ्यांदा. पाळी संपायला पाच मिनिटं उरली होती. बोलता बोलता त्याने वही ओढली, पेन काढलं, आणि हाताला सतरा वर्षं जे ठाऊक होतं ते हाताने केलं.

चौकशीत वही उघडली. दुपारी तीन: पन्नास. काय सुरेख अक्षर! मशीन म्हणतं स्थिर, वहीही म्हणते स्थिर, आणि हा येडा घाटकोपर बंद करून बसला. मशीन झकास पास झालं. महादूने आयुष्यातला पहिला खुलासा लिहिला, तीन प्रतींत. तो कुणी वाचला नाही.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा सगुणावहिनीने मला गाठलं. "भावजी, तुमी तर थयच होतात ना? काटो बगलात ना?"

तोंड उघडलं असतं तर माझ्याही वह्या उघडल्या असत्या.

"नाही वहिनी," मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."