मावशीचा अंबाडा आणि माझे प्रोटॉन

प्रोटॉन थांबवायचं काम मी आठ वर्षं केलं. यंत्रात त्यांना वेग द्यायचा, पाण्याच्या टाकीत सोडायचं आणि नेमके कुठं थांबतात ते मोजायचं. आता गारखेड्यात राहते, कॉलेजात शिकवते, पण या एका विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये असं आजही वाटतं. घरचे चिडवतात, हिला गाडी चालवता येत नाही, ब्रेकचं मात्र सगळं कळतं.

माझी मावशी पैठणला मागावर पैठणी विणते. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यामागं गाठ निघाली. डॉक्टरांनी बाहेरगावी जाऊन प्रोटॉनचे उपचार घ्यायला सुचवलं, तशी फाइल घेऊन ती एसटीनं थेट माझ्याकडं आली.

"डोळा राहील का?" चहाला हात न लावता तिनं विचारलं. "डोळा गेला तर माग गेला माझा."

मी सांगितलं, साधे किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन आत शिरताना हळू होत जातो, शेवटच्या टप्प्यात सगळा जोर काढतो आणि तिथंच थांबतो. किती वेगानं सोडायचा ते ठरवलं की कुठं थांबणार तेही ठरतं.

"म्हंजी नक्षीच्या कडंला रंगाचा धागा थांबवून मागं वळवतो, तसं?"

"मागं वळत नाही. पण कडेला थांबतो."

"मग जमंल. पर तू संगं चल."

तिथल्या दवाखान्यात आधी तिच्या डोक्याची मापं झाली. गरम, मऊ जाळी चेहऱ्यावर दाबून तिचा मुखवटा तयार केला, म्हणजे दर वेळी डोकं त्याच जागी राहील. त्या दिवशी केस मोकळे सोडायला लावले होते. परक्या माणसांपुढं ती तशी कधी गेली नव्हती, लाजून अर्धी झाली.

उपचाराचा पहिला दिवस आला. आमच्याकडं मोठ्या कामाला निघालेल्या बाईला वेणीफणी करून पाठवतात. मी तिला तेल लावलं, विंचरलं आणि घट्ट अंबाडा घातला. मला फार बरं वाटलं.

आत मुखवटा बसेना. तिथल्या मुलींनी कसाबसा बसवला, एक्सरे काढला, तर हनुवटी खाली गेलेली. पुन्हा झोपवलं, पुन्हा तेच. मला बाहेर संगणकाच्या पडद्याशी उभं राहू दिलं होतं. सूज असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि मी लगेच अक्कल पाजळत सुजेवर बोलायला लागले. बोलताना हात तोंडाशी गेला आणि बोटांना तेलाचा वास आला. अंबाड्यानंच डोकं मागून उचललं गेलं होतं.

डोकं जरा तिरकं झालं तरी प्रोटॉन गाठ सोडून नको तिथं थांबतो. इथं नको ती जागा म्हणजे डोळ्याची नस. हे मी वर्षानुवर्षं मुलांना घोकवून घोकवून शिकवलेलं, आणि अंबाडा घातला तोही मीच. एक्सरे जुळल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत म्हणून निभावलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आत जाऊन मी सगळं सांगितलं. मावशी उठून बसली, केसांतला एकेक आकडा काढून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर केस पाठीवर सोडले.

"मागावर बसायचं तर केस बांधायचे, इथं सोडायचे," ती म्हणाली. "एवढी शिकलीस आन् एवढं नाय कळलं?"

मुखवटा लगेच बसला. पुढं रोज ती भरल्या दवाखान्यातून मोकळ्या केसांनीच चालत आली, मान ताठ ठेवून.

गेल्या महिन्यात मी पैठणला गेले. मागावर अर्धा मोर विणून झाला होता आणि मावशीचा अंबाडा घट्ट होता. मी काही विचारायच्या आत तिनं डावा डोळा तळव्यानं झाकला आणि उजव्यानं काठाचे धागे मोजायला लागली. तिच्यामागं उभी राहून मीही मनात मोजत गेले. तिचा एकही धागा चुकला नाही. माझेच मधे दोनदा चुकले, डोळे भरून आले होते.