रानमायची ओल

धूर इतका दाटला होता की कडेवरची पोर मला दिसत नव्हती, नुसता तिचा खोकला ऐकू येत होता. मागे वाळला पाला तडतड जळत होता. सासूचा हात माझ्या हातात होता आणि आम्ही पळत होतो. कुठे, ते कळत नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या चैत्रातली ही गोष्ट. उमरखेडच्या बाजूला आमचं गाव, गावाला लागून जंगल. मोहफुलं पडायला लागली की झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे जमीन साफ होते आणि फुलं वेचायला सोपी जातात. सगळेच तसं करत. त्या सकाळी सासूनेही केलं. पण एकाएकी वारा सुटला आणि आग आमच्या हातची राहिली नाही. गावाकडची वाट आगीने आधी अडवली.

माझी दोन लेकरं आधीच गेली होती, तापाने. त्यानंतर मी देवापुढे हात जोडणं सोडलं होतं. घरात कोणी आरती केली तर मी गोठ्यात जाऊन बसायची. ही तिसरी, दोन वर्षांची. हीपण जाणार, एवढंच त्या धुरात डोक्यात होतं.

उताराला रानमायचं, म्हणजे रानातल्या देवीचं, राखलेलं रान होतं. उंबर, जांभूळ, वेली, आणि मधे शेंदूर लावलेला दगड. तिथली काडी कोणी मोडत नसे, पायात वहाणा घालून कोणी आत जात नसे. हिरव्या झाडांचा गारवा तोंडावर आला तेव्हा सासू एकदम थांबली.

"वहाणा काढ वं."

"आत्याबाई, जीव जाऊन राह्यला अन् वहाणा कायच्या काढता?"

"मरायचं तं मर. पन वहाणा घालून मायच्या अंगावर चढू देनार नाही मी तुले."

भांडायला वेळ नव्हता. तिने माझा हात असा ओढला की नवऱ्याच्या जुन्या, ढिल्या वहाणा पायातून आपोआप निघाल्या.

आत तर डोळेच उघडेनात. पण तळव्यांना जमीन कळू लागली. इकडे कोरडी, तिकडे जराशी थंड. मी थंड जमिनीकडे वळले. चार पावलांनी ती आणखी थंड लागली, मग ओली, मग पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. उंबराच्या मुळाशी पाण्याचा झिरा होता. इतकी वर्षं जवळ राहून मला तो माहीत नव्हता, कारण मी कधी आत आलेच नव्हते. पायात वहाणा असत्या तर मी त्याच्या बाजूने निघून गेले असते.

आम्ही चिखलात आडव्या पडलो. लुगड्याचा पदर भिजवून पोरीच्या तोंडावर धरला. ती ओरडत होती.

"रडू दे तिले," सासू म्हणाली. "रडते म्हंजे जिती हाये."

आग रानाच्या काठापर्यंत आली आणि ओल्या जमिनीपाशी विझत गेली. का विझली, ते मी शिकल्यासवरल्या माणसांशी वाद घालून सांगणार नाही. मी तेव्हा काही मागितलं नव्हतं. मागायला तोंडच नव्हतं. मी फक्त पाय नेतील तिकडे गेले.

दुपारी माणसं शोधत आली. माझा नवरा काठावर उभा राहून म्हणाला, "म्या म्हटलं बायको जळली. इथं तं दोन म्हशी अन् एक वगार लोळून राह्यली." आणि मग तो तिथेच मटकन खाली बसला.

पुढे काही दिवसांनी मी स्वतःहून रानमायकडे नारळ घेऊन गेले. पाऊस अजून लांब होता. सगळी जमीन काळी पडलेली, आणि त्या काळ्यातून पळसाचे, टेंभुर्णीचे कोंब वर आलेले. आमच्या मोहाची एक बाजू कोळसा झाली होती, दुसऱ्या बाजूला तांबूस पालवी होती. कोणी पाणी घातलं नव्हतं. मी दगडापुढे बसले. गेलेल्या दोघांसाठी तेव्हा पहिल्यांदा रडले. ती का गेली याचं उत्तर मला मिळालं नाही, आजही नाही. पण जे माझ्या हातात नाही ते मुठीत आवळून धरणं त्या दिवशी सुटलं. छाती हलकी झाली. तेवढ्यासाठी मी त्या मातीचे उपकार मानते.

सासूने मोहाखाली पुन्हा कधी काडी ओढली नाही. फांद्यांचा झाडू करून ती जमीन झाडायची. बाया हसायच्या, "काय वं बुढे, रान झाडतं का आंगन?"

"आंगनच हाये," ती म्हणायची, आणि झाडत राहायची.

ती पुढे पुष्कळ वर्षांनी, म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणात गेली. मुलीला आता नातवंडं आहेत. त्या आगीत आम्ही तिघी होतो. तिघी जगलो.