ताईच्या खिडकीतला तळ

माझी ताई आखातातल्या एका छोट्या, श्रीमंत राज्यात नर्स आहे. लेकीबरोबर राहते. फ्लॅट तिने मुद्दाम लष्करी तळ दिसेल असा घेतला. तळ तिथल्या राजाचा नाही, त्याच्या मोठ्या दोस्त देशाचा. "अगं, एवढा पैलवान राजाने दारात बसवलाय, आमच्या वाटेला कोण जाणार?" माझ्याकडे मेलबर्नला ये म्हटलं की ही टिमकी सुरू. माझं डोकंच फिरायचं.

गंमत म्हणजे इथे क्लेटन भागातल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, मी हाच विषय शिकवते. राजाकडे माणसं कमी, पैसा बक्कळ. मग तो एकाला गॅस विकतो, दुसऱ्याच्या देशात इमारती घेतो, तिसऱ्याला तळासाठी जमीन देतो आणि भांडणाऱ्या दोघांना आपल्याच हॉटेलात बोलावून चहा पाजतो. सगळ्यांना आपली गरज पडत राहिली पाहिजे, मग आपल्याला कोणी हात लावत नाही.

त्या आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ट्युटोरियलमध्ये हेच चाललं होतं. एका मुलीने विचारलं, "पण त्या मोठ्या मित्रालाच शत्रू असले तर?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या एकाने फोन वर धरून बातमी वाचली. ताईच्या खिडकीसमोरच्या त्याच तळावर क्षेपणास्त्रं पडत होती.

वर्ग तसाच टाकून मी बाहेर धावले. ताईचा फोन लागेना. जिन्यात बसून रोझरीची प्रार्थना म्हणायला घेतली, तर पाठ असलेले शब्दही आठवेनात. राजाला शिव्या घातल्या, पैलवानाला घातल्या, ताईला तर सगळ्यात जास्त. अगं मेले, माझं ऐकलं असतंस तर!

शेवटी तिचाच फोन आला. "खिडक्या फुटल्या. आम्ही दोघी ठीक आहोत." तिचा इतका बारीक आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "मला हॉस्पिटल सोडता येणार नाही. विमानं सुरू झाली की पोरीला तुझ्याकडे पाठवू?"

"विचारतेस काय? पाठव!" मी रडत ओरडले.

मग भाची फोनवर आली. "मावशी, तुमच्याकडे त्यांचा तळ नाहीये ना?"

वर्गात ऑस्ट्रेलियाचा नकाशा लावून त्या मोठ्या देशाचं सैन्य इथे कुठेकुठे असतं, ते मीच दाखवते.

"आपल्या घराजवळ नाही गं, सोन्या."

ती म्हणाली, "घरापासून किती लांब आहे?"