ज्याच्याशिवाय चालत नाही ते

तेव्हा मी एक जाडजूड कादंबरी लिहीत होतो. राजे, राक्षस आणि मंत्रविद्येची. घोडपदेवच्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. मंत्रविद्येच्या नियमांची वेगळी वही होती आणि खरं सांगायचं तर गोष्टीपेक्षा मला ती वहीच जास्त प्यारी होती. जादू फुकट मिळाली की गोष्टीतली धाकधूक संपते, एवढं मला कळत होतं. म्हणजे प्रत्येक मंत्राला किंमत हवी. पण कसली? रक्त, आयुष्याची वर्षं, आठवणी, सगळं वापरून गुळगुळीत झालेलं वाटायचं.

त्याच दिवसांत बाबांना परळच्या इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. तरुणपणी गिरणीत छातीत गेलेला कापूस म्हातारपणी वर आला होता. आईने मासे सोडले. आम्ही मालवणकडची माणसं. देवाकडे मोठं काही मागायचं तर आवडीचं काहीतरी सोडायचं, ही आमची रीत. बांगड्याशिवाय जिला घास उतरत नसे ती बाई डाळभातावर आली.

आणि मला माझा नियम मिळाला: मंत्र हवा तर काहीतरी सोडायचं. बाप इस्पितळात, आई उपासाला आणि मला आनंद झाला. झाला तो झाला, आता लपवून काय उपयोग?

लिहिलेलं मी आईला वाचून दाखवायचो. ती तांदूळ निवडत ऐकायची. एकदा तिने विचारलं, "मासे सोडले तर चलात मां तुझ्या पुस्तकात?"

"छे गं," मी म्हणालो. "मासे काय, कुणीही सोडेल. ज्याच्याशिवाय माणसाचं चालतच नाही, तेच द्यायचं. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की मंत्र वाया."

तिने ताटातला एक खडा बाजूला काढला. "खरा आसा. देव काय खुळो नाय."

मी खूश. आईला पटलं म्हणजे वाचकांना पटणार.

महिन्याभरात बाबा सुधारून घरी आले. डॉक्टरांनाही एवढी आशा नव्हती. पुढच्याच आठवड्यात आई मोरीत कोसळली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बीपीच्या गोळ्या रोज घेत होत्या का, असं इस्पितळात विचारलं, तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं की एक दिवस चुकवत नाही. घरी येऊन तिचे कागद शोधताना देव्हाऱ्यातला करंडा उघडला. आत कुंकू नव्हतं. गोळ्या होत्या, रोजची एक, स्ट्रिपमधून काढून देवापुढे ठेवलेली. 'या गोळ्यांशिवाय तुमचं चालणार नाही,' हे तिचे डॉक्टर दर खेपेला तिला बजावायचे. मीच तर सोबत असायचो.

आई घरी आली, पण गोळी घेईना. दात घट्ट मिटायची. मी समजावलं, रडलो, शेवटी ओरडलोसुद्धा. "अगं, ते खोटं होतं! मी मनाने बनवलेला नियम तो!" तिने डाव्या हाताने समोर बोट दाखवलं. बाबा खुर्चीत बसून, नळी न लावता, बांगड्याचं तिखलं ओरपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून नियमांची वही देव्हाऱ्यापुढे ठेवली. तिच्यात एक नवा नियम लिहून आईला वाचून दाखवला: आईबापांनी दिलेली किंमत त्यांचं मूल स्वतःवर घेऊ शकतं. गुपिताची अट काढून टाकली. नियम करणारा मीच होतो, मला कोण अडवणार? मग आजोबा घालायचे तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आयेन जां सोडल्यान, त्येचो भार आजपासून माझ्यार येवंदे रे महाराजा!" बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीने ते खुर्चीतून म्हणाले, "व्हय महाराजा."

"ही कादंबरी मी सोडली," मी आईला सांगितलं. "एक ओळसुद्धा लिहिणार नाही."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ती कादंबरी म्हणजे माझं काय होतं, हे घरात तिलाच माहीत होतं. मग गोळीसाठी तिने तोंड उघडलं.

पाच महिने मी शब्द पाळला. मग एका दुपारी ऑफिसात, डबा खाता खाता, फोनवर चार ओळी लिहिल्या. राक्षसाच्या मुलीचं बोलणं होतं, कितीतरी दिवस डोक्यात घोळत होतं. लिहून झाल्यावर पुसूनही टाकलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता.

त्यानंतर पंधरवड्यात बाबा गेले. फुप्फुसं आता फार काळ साथ देणार नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

स्मशानातून आल्यावर मी आईजवळ बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताचं बोट चादरीवर हळूहळू फिरवलं, लिहितात तसं.

मी मान हलवली. एक ओळसुद्धा नाही, म्हणालो.

तिला ते खरं वाटलं. संध्याकाळची गोळी मी पुढे केली आणि तिने ती मुकाट्याने घेतली.