करणाऱ्याचं नाव

ब्रह्मपुरीच्या बाजारात हेमराजचं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. बाहेर पाटीवर हेमराजचं नाव, आत गल्ल्यावर हेमराज, आणि त्याच्याही आत, पडद्यामागे, मशीनवर रीता. रीता म्हणजे हेमराजच्या धाकट्या भावाची बायको. ब्लाउजवरची वेल, पोरींच्या फ्रॉकवरचे मोर, नवरदेवाच्या शेरवानीची कॉलर, सगळं त्या पडद्यामागून निघायचं. गिऱ्हाईक कापड हातात घेऊन म्हणायचं, वा हेमराजभाऊ, काय हात आहे तुमचा! हेमराज हसून हात जोडायचा. त्या हातांनी सुईत दोरा कधी ओवला नव्हता, पण जोडायला ते फार छान होते.

या घरात भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि धाकट्याची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. पडद्यामागे कॉम्प्युटरची मशीन आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि तरी हे आहे. तो आला की तिनं डोक्यावर पदर घ्यायचा, तो बसलेल्या खाटेवर टेकायचं नाही, आणि त्याचं नाव तर जिभेवर आणायचंच नाही. सासू वच्छलाबाई हे शिकवताना गल्लीतल्या कमळाची गोष्ट सांगायची. कमळानं भांडणाच्या भरात चारचौघांत भासऱ्याचं नाव घेतलं, नुसतं नाव, पुढं भाऊ नाही की जी नाही. शिवी दिली असती तर एक वेळ खपलं असतं. त्या दिवसापासून भासऱ्यानं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि गल्लीनं त्यालाच बरोबर ठरवलं.

"बाईनं नाव घेतलं म्हंजे मान्साची इज्जतच उतरवली," वच्छलाबाई म्हणायची. "मंग मागं काई ऱ्हायत नाई."

मग दुकान चालायचं कसं? तर रेकॉर्डवर. लग्नाआधी रीतानं मशीन एम्ब्रॉयडरीचा कोर्स केला होता. तिथल्या शिक्षिकेनं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: प्रत्येक कामाचा कागद ठेवायचा. गिऱ्हाइकाच्या कापडाची कतरण घ्यायची, तिच्यावर आधी ट्रायल मारायची, ती कतरण कागदावर चिकटवायची. शेजारी लिहायचं, कापड कोणतं, धाग्याचा शेड कोणता, सुई कोणती, कापड ताठ राहायला खाली बक्रम किती लावलं, आणि काय बिघडलं. तेच कापड पुन्हा आलं की पहिल्यापासून डोकं फोडायला नको. रीतानं दुकानात हीच पद्धत लावली. हेमराज कापडाला चिठ्ठी टोचून पडद्याखालून सरकवायचा. रीता ट्रायल मारून, कागद लिहून परत सरकवायची. पसंत पडलं की तो कोपऱ्यात बरोबरची खूण करायचा. एक शब्द न बोलता दोघांचं दुकान झकास चाललं होतं.

रीता कागदावर काही लपवायची नाही. 'जॉर्जेटला एकच बक्रम लावलं, कापड चुणलं. दोन लावावे.' 'घाई केली, कापडाची रिंग सैल राहिली, मोराची मान वाकडी आली.' 'लाल धाग्याचा रंग उतरला, आधी भिजवून बघायला पाहिजे होतं.' फाइलीवर फाइली भरल्या. वाकडे मोरही त्यात होते आणि पुढच्या पानावर सरळ झालेले मोरही होते.

कागदाच्या तळाशी, कोर्समध्ये शिकवलं तसा, एक रकाना असायचा: करणाऱ्याचं नाव. तिथं ती पहिल्याच दिवशी अडली. कागद गिऱ्हाईक बघणार, सासू बघणार, भासरे बघणार. स्वतःचं नाव लिहायचं म्हणजे मिरवल्यासारखं. रकाना कोरा ठेवावा तर कागद अर्धवट दिसतो. म्हणून तिनं लिहिलं, हेमराज. दुकान त्यांचं, पाटी त्यांची, मग नावही त्यांचंच. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. हे स्पष्ट सांगून ठेवायला हवं, कारण पुढं तिनं दोष द्यायला माणूस फार शोधला आणि या जागी तिला कोणी सापडलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा तिला त्याची गंमतही वाटली होती. जे नाव तोंडानं घ्यायची बंदी, ते लेखणीनं रोज घ्यायचं. तिचा नवरा बिरजू माजरीला कोळसा खाणीवर एका कंत्राटदाराकडं डंपर चालवायचा आणि रविवारी घरी यायचा. एका रविवारी त्यानं फाइल चाळली आणि हसत सुटला.

"तोंडानं घेत नाईस अन् कागदावर रोज घेऊन राह्यलीस? मायले सांगू का?"

दोघंही पोट धरून हसले. ते हसणं पुढं फार महागात पडलं.

झालं असं, की एका संस्थेनं धानोऱ्याला मुलींसाठी मशीन एम्ब्रॉयडरीचं केंद्र काढायचं ठरवलं. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या घरांतल्या पोरींना हाताला दुसरं काही काम मिळावं म्हणून. शिकवायला बाई हवी होती, आणि तिला राहायला केंद्रातच खोली. रीतानं ते मोबाइलवर वाचलं आणि तिचं कामातलं लक्षच उडालं. या घरात तिला लहानी म्हणत. बाजारात ती हेमराजकडची बाई होती. नवरा 'अवं' म्हणून हाक मारायचा. रीता हे नाव आधार कार्डावर होतं आणि माहेरी होतं, आणि माहेरी आता आईही उरली नव्हती. कोणीतरी पोरीनं आपल्याला रीता मॅडम म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं ते. पण इथं बाईचं लहान मागणंसुद्धा सगळ्यांच्या हातून फिरून मगच तिच्यापर्यंत पोचतं.

मुलाखतीला ती फाइली घेऊन गेली. निवड करणाऱ्यांत मुख्य होत्या नंदिनी मॅडम. त्यांनी पहिली फाइल उघडली आणि मग मान वर काढलीच नाही. चहावर साय आली. शेवटी म्हणाल्या, मशीन चालवायला कंपनीचा माणूसही शिकवून जाईल, पण आपली चूक आपल्या हातानं लिहून ठेवायची सवय मला या मुलींना लावायची आहे, आणि असं रेकॉर्ड मी आजवर बघितलं नाही. रीताचे कान गरम झाले. तेवढ्यात मॅडमचं बोट घसरत पानाच्या तळाशी आलं.

"हे हेमराज कोण?"

नाव घेऊन सांगता येत नव्हतं आणि नाव न घेता काय सांगावं ते सुचत नव्हतं.

"आमच्या घरचे मोठे," ती म्हणाली.

"मग काम त्यांचं आहे?"

"नाई जी. काम माझं हाये. सारं मीच केलं."

"आणि नाव?"

मग तिनं सगळं सांगितलं. पडदा, पदर, कोरा रकाना, सगळं. नंदिनी मॅडमनी नीट ऐकून घेतलं. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ठरलं ते असं: दुकानदाराकडून दोन ओळींची चिठ्ठी आणा, की हे काम रीताचं आहे. चिठ्ठी आली की जागा तुमची. फाइली तोवर इथंच राहू द्या.

दोन ओळी. रीतानं सासूला सांगितलं, सासूनं जेवताना मुलाला सांगितलं. रीता दाराआड उभी होती. हेमराजनं घास चावून संपवला आणि म्हणाला, "देऊ ना. काम तं तिचंच हाये." हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी ती इतकी आनंदात होती की तिनं पोळ्या करपवल्या आणि सासूची बोलणीही हसत खाल्ली.

चिठ्ठी मात्र हाती येईना. मग निरोप आला, की बाईच्या हातून कागद पाठवणं बरं दिसत नाही, दुकानाची इज्जत आहे, मी स्वतः नेऊन देतो. एका सकाळी हेमराज इस्त्रीचा शर्ट घालून गेला. दुपारी पेढे घेऊन आला.

तिथं काय झालं ते रीताला नंदिनी मॅडमच्या फोनवरून कळलं. खोटं कोणी बोललं नव्हतं, हीच तर त्यातली मेख. हेमराज आत गेला, तर खोलीतले लोक उभे राहिले. तुम्हीच का हेमराजभाऊ? तुमच्या फाइली बघतोय आम्ही. स्वतःच्या चुका इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारा कारागीर कुठं मिळतो हो! आणि हेमराजनं सवयीनं हात जोडले. नंदिनी मॅडमनी रीताचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, घरचे लोक मदत करतात ना. झालं. शिकवायला बाई नेमण्याऐवजी अख्खं केंद्रच हेमराजकडं चालवायला द्यावं, असं बाकीच्या दोघांनी ठरवलं.

"तुम्ही सांगितलेलं मी विसरले नाही," मॅडम फोनवर म्हणाल्या. "पण ते समोर बसले होते आणि कागदावर त्यांचं नाव होतं. तुमच्याच अक्षरात. मी कशाच्या जोरावर भांडणार होते?"

रीताच्या विरुद्धचा साक्षीदार तिचं स्वतःचं अक्षर होतं, आणि ते अक्षर सुरेख होतं.

एक गोष्ट मात्र वच्छलाबाईला ठाऊक होती. तो शर्ट धुताना खिशात कागदाचा लगदा निघाला, त्यावर रीताचं नाव अजून पुसट दिसत होतं. हेमराजनं चिठ्ठी खरंच लिहिली होती. खिशात घालून नेली होती आणि तशीच परत आणली होती. म्हातारीनं तो लगदा आधी उन्हात वाळवला, मग चुलीत घातला. रीता ते सगळं बघत होती. सासू तिच्याकडं न बघता म्हणाली, "घरातच आलं ना शेवटी. बाहेर तं नाई गेलं."

रविवारी बिरजू आला. रीता त्याच्यापुढं रडली, हे तुम्ही तरी बोला म्हणाली, तुमचे तर भाऊ आहेत. तो म्हणाला, दादा काय परका आहे का, आणि आणखी भात वाढायला सांगितलं. रीतानं वाढला. असे नवरे वाईट नसतात. दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत. फक्त बायकोसाठी ताटावरून उठत नाहीत.

आता पोरींना शिकवायला कोणीतरी लागणारच होतं. सासूच्या तोंडून हुकूम आला, की लहानीनं सोबत जाऊन मशीन दाखवायची. ती गेली. तू गेलीसच कशी, असं तिला पुढं बऱ्याच बायकांनी विचारलं. विचारणाऱ्यांचं काय जातं? जायला दुसरी जागा असती तर ती आधीच गेली नसती का? बसमध्ये हेमराज पुढच्या सीटवर बसला, ही मागं, डोक्यावर पदर घेऊन.

धानोऱ्याच्या केंद्रावर पाटी लागली होती आणि तिच्यावर मुख्य प्रशिक्षक म्हणून हेमराजचं नाव होतं. पोरी सतरंजीवर बसल्या होत्या. हेमराजनं भाषण केलं. आपली चूक आपण लिहिली पाहिजे, म्हणाला, चूक लपवणारा कारागीर कधी मोठा होत नाही. बोलताना त्याचा आवाज जराही अडखळला नाही. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आता मशीन घरचे लोक दाखवतीन."

रीतानं रिंगमध्ये कापड ताणलं, धागा लावला, मशीन सुरू केली. ट्रायलसाठी तिनं मोहाचं फूल निवडलं होतं. पण त्या दिवशी धाग्याचा ताण सैल राहिला, खालचा धागा वर आला आणि फुलाचा नुसता गोळा झाला. पोरींपैकी कोणी हसलं नाही. तिनं कतरण कापली, कागदावर चिकटवली, आणि पुढंच बसलेल्या खुशबू नावाच्या पोरीच्या हातात पेन दिलं. खुशबूनं एकेक रकाना वाचत भरला. कापड. शेड. सुई. मग तिनं विचारलं, "करणाऱ्याचं नाव? तुमचं लिवू का, बाई?"

हेमराज खिडकीतून बाहेर बघायला लागला. कान मात्र इकडंच होते.

रीतानं डोक्यावरचा पदर खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भासऱ्याकडं सरळ बघितलं.

"हेमराज लिही," ती म्हणाली. "हे सारं हेमराजच करते. लिही, हेमराज."

भाऊ नाही, जी नाही. पोरींना ते नुसतं एक नाव होतं, पाटीवरचं. त्या खोलीत त्याचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती. हेमराज वळला. चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्याचे हात सवयीनं छातीपाशी आले आणि जोडायचं काय ते न कळून खाली गेले. कोपऱ्यात माठ होता. रीतानं पेला भरला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला नाही. मग ते पाणी ती स्वतःच प्याली.

"बाई, चूक काय झाली तो रकाना राह्यला," खुशबू म्हणाली.

"लिही, धागा सैल राह्यला. चूक रीताची."

"रीता कोन?"

"मी," ती म्हणाली.

खुशबूनं तसं लिहून घेतलं.